जुनी मोटार परदेशातून आणताना आधी कागद, मग पैसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्या मोटारीच विंटेज म्हणून परदेशातून आणता येत. २०२५ च्या सुरुवातीला ही अट बदलली आणि किमान ५० वर्षे जुनी गाडी परवान्याशिवाय आयात करण्याची मुभा मिळाली. साठच्या दशकातल्या गाड्यांचे दार असे उघडल्यावर नागपुरातले अनेक शौकीन परदेशी लिलावांकडे पाहू लागले आहेत. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलेल्या आम्हा कारागिरांना त्यांना काही गोष्टी वेळेत सांगाव्याशा वाटतात.

गाडी अडते ती बहुतेक वेळा चासी (गाडीचा सांगाडा) नंबरावर. गाडीची ओळख सांगणारा १७ अक्षरांचा विन क्रमांक १९८१ पासून रूढ झाला. त्याआधी प्रत्येक कारखान्याची पद्धत वेगळी होती आणि नंबरही आखूड. पत्र्याच्या पट्टीवरचा नंबर, चासीवर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर हे तिन्ही अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. ठोकलेला नंबर गंजाखाली किंवा रंगाच्या थराखाली गेलेला असतो, म्हणून पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून तो साफ करून घ्या, त्याचा जवळून फोटो आणि पेन्सिलची छाप मागवा. इथे आरटीओतही तीच छाप लागणार आहे.

दुसरा घोळ सालाचा. अमेरिकेत मॉडेलचे साल आणि गाडी प्रत्यक्ष बनल्याचे साल यांत फरक पडू शकतो. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या गाडीला हा फरक महागात पडतो. ऑस्टिन, मॉरिस, एमजी अशा ब्रिटिश गाड्यांसाठी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींवरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळते. त्यावर बनल्याची तारीख असते, ते जरूर घ्या. विक्रेत्याकडून इंग्लंडमधले मूळ व्ही५सी नोंदणीपुस्तक किंवा अमेरिकेतले मूळ टायटल (मालकीचा दाखला) हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. अमेरिकेचे कस्टम तर मूळ टायटल किंवा त्याची प्रमाणित प्रत पाहिल्याशिवाय गाडी देशाबाहेर जाऊच देत नाही.

इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने दाराखालचे उंबरे, फ्लोअर आणि चासीचे टोकाचे भाग आतून सडतात. वरून पुट्टी आणि चकचकीत रंग दिलेला असतो. लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे तो पकड सोडतो तिथे खाली पुट्टी आहे. हे काम तिथल्या स्वतंत्र तपासनिसाकडून पैसे देऊन करून घ्यावे, विक्रेत्याच्या शब्दावर राहू नये. स्टिअरिंग मूळचेच उजवीकडे असलेली गाडी पाहावी असा आमचा आग्रह आहे. डावीकडचे उजवीकडे नेलेली किंवा इंजिन बदललेली गाडी मूळ रूपात राहिलेली नसते आणि विंटेज नोंदणीचा पायाच मूळ रूप हा आहे.

सीमाशुल्क नुसत्या गाडीच्या किमतीवर लागत नाही, त्यात जहाजभाडे आणि विमाही धरतात. १० लाखांची गाडी आणि २ लाख भाडे-विमा असेल तर हिशेब १२ लाखांपासून सुरू होतो. त्यावर शुल्क, मग शुल्कासकट झालेल्या रकमेवर जीएसटी. एकूण कर गाडीच्या किमतीहून जास्त होतो, तेव्हा बंदरातून माल सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटाकडून बोली लावण्याआधीच लेखी हिशेब घ्या. बिलात किंमत कमी दाखवण्याच्या सल्ल्याला बळी पडू नका; गाडी जप्त होऊ शकते. डिकीत भरलेले सुटे भागही बिलात वेगळे दाखवा. गाडी रोखायला वापरलेल्या लाकडी ठोकळ्यांवर कीड मारण्याची प्रक्रिया केल्याचा शिक्का हवा. विमा ठरलेल्या किमतीचा, सर्व जोखमींचा घ्या. पुढे न्हावा-शेवाहून नागपूरपर्यंत गाडी ट्रेलरवरूनच आणा, नोंदणी नसलेली गाडी समृद्धीवर चालवता येत नाही.

इथे आल्यावर पहिला शत्रू पेट्रोल. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुन्या रबरी नळ्या फुगतात, आतून सुटतात आणि त्यांचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) अडकतात. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत इथेनॉल ओलावा शोषते, पाण्याचा थर तळाशी बसतो आणि टाकी गंजते. सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा विटॉनसारख्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा बसवा, पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदला. हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होऊन इंजिन तापत असेल तर मेन जेट एक माप मोठा लागतो. मे महिन्यातल्या ४५ अंशांत पेट्रोल नळीतच उकळते आणि गाडी सिग्नलवर बंद पडते. नळी एक्झॉस्टपासून दूर न्या, मध्ये उष्णतारोधक पत्रा लावा.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे, नोंदणी १० वर्षांची आणि नंबरात 'व्हीए' अक्षरे. आयात गाडीला बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्क विभागाकडची आयातीची नोंद) जोडावी लागते. या नोंदणीवर प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर काढता येते. रोज ऑफिसला जायला नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावे. आयात झालेली जुनी गाडी इथेच कोणी विकत असेल तर बिल ऑफ एंट्री पाहिल्याशिवाय हात लावू नका. भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांवर सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने कारवाई केली, तेव्हा त्या विकत घेणारेच अडचणीत आले.

परिवहन विभागाला आमची विनंती अशी : विंटेज गाड्यांसाठीच्या राज्याच्या नोडल अधिकाऱ्याचे नाव, लागणाऱ्या कागदांची मराठी यादी आणि तपासणीच्या तारखा गिरीपेठेतील आरटीओच्या फलकावर लावाव्यात. विदर्भातल्या गाड्यांची तपासणी नागपुरातच व्हावी, कारण नोंदणीआधी ही गाडी प्रत्येक वेळी ट्रेलरवर चढवावी लागते.

– जुन्या मोटारींचे काही कारागीर, नागपूर