शनिवारचा हँडबेल सराव : आठवण

मंडळी, शनिवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या हॉलमध्ये हँडबेलचा, म्हणजे हातात धरून वाजवायच्या छोट्या घंटांचा, सराव आहे. टेबलांवर फोम अंथरायला दोघे-तिघे पाऊण तास आधी आले तर बरं.

पांढरे सुती हातमोजे विसरू नका. मागच्या वेळी काही जण तसेच वाजवायला लागले आणि काशाच्या घंटांवर बोटांचे ठसे उमटले. पुसण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

'मला संगीत कुठे येतं?' म्हणणाऱ्या नव्या सदस्यांनी जरूर यावं. एकाकडे साधारण दोनच घंटा, म्हणजे दोनच स्वर. बाकी वेळ मात्रा मोजत गप्प उभं राहायचं आणि आपली पाळी आली की मनगटाला हलका झटका. देवळातल्यासारखी घंटा बडवायची नाही. आतला लोलक पुढे-मागेच हलतो, चारी बाजूंना नाही. घंटा खांद्याला टेकवली की नाद विरतो. खरं कसब त्या थांबवण्यातच आहे, असं माझं मत.

मात्र एक जण गैरहजर राहिला तर सुरावटीत तेवढं भोक पडतं, कारण शेजाऱ्याचे हात आधीच भरलेले असतात. येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.

जाता जाता : इंग्लंडात चर्चच्या मनोऱ्यातल्या अवजड घंटांचे क्रम घोटायला वादक या छोट्या घंटा वापरत. गावाचे कान तेवढेच वाचत. आमच्या खालच्या मजल्यावरच्यांना मात्र हे अजून पटलेलं नाही, म्हणून दुपारी १२ला बंद म्हणजे बंद.