मोतद्दाराला आधी विचारणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सादर नमस्कार.

आपली फी पोहोचती झाली आणि रीतीप्रमाणे आभारही मानून झाले. तरीही हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण आमच्या तरुण घोडीसाठी आपण जे केले ते तबेल्याच्या चार भिंतींत राहावे असे मला वाटत नाही, आणि आपल्या आधी येऊन गेलेल्या मंडळींविषयी दोन शब्द लिहिल्याखेरीज माझे मनही हलके होणार नाही.

घोडीला नुकते तिसरे वर्ष लागले होते. चालताना तिचा मागचा डावा पाय मध्येच मागे ताणलेला राही, खुराचे टोक जमिनीवर रेघ ओढत जाई, आणि मग एका झटक्यासरशी पाय सुटून पुढे येई. खुराची पुढची कड एका बाजूने इतकी झिजली होती की नालबंदानेही ती पाहून मान हलवली. पहिल्या सद्गृहस्थांनी दारातूनच पाहिले, 'लचक भरली आहे' असे सांगितले आणि घोडीला ठाणावरून हलवायचे नाही असे बजावले. ठाणावर बांधल्यावर मांडी आणखी सुकली आणि पाय अधिकच अडकू लागला. दुसऱ्यांनी सांध्याला हात लावण्याआधीच शस्त्रक्रियेचा दिवस ठरवायला घेतला. तिसऱ्यांनी तिला ऐबी ठरवून, कोणाच्या लक्षात येण्याआधी विकून टाकण्याचा सल्ला दिला, आणि तोही आवाज खाली न करता. एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत होते, ती म्हणजे घोडीची निगा राखणाऱ्या मोतद्दारानेच तिला कुठेतरी आपटवली असणार. वड्याचे तेल वांग्यावर काढायचे ठरले की तपासणीची गरज उरत नाही.

आपण आलात तेव्हा मी नोंदी, जुनी औषधे आणि माझी भलीमोठी तक्रार घेऊन तयार होते. आपण माझ्याकडे पाहून नमस्कार केलात, आणि मग माझ्या मागे भिंतीशी अंग चोरून उभ्या असलेल्या मोतद्दारांकडे वळून विचारलेत, "मामा, सकाळी पहिल्यांदा बाहेर काढता तेव्हा ती काय करते?"

प्रश्न एवढाच होता. पण विचारून आपण थांबलात. मामांना आधी शब्द सुचेना, कारण इतक्या दिवसांत त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते, नुसते सुनावले होते. आपण घाई केली नाहीत, त्यांचे वाक्य स्वतः पूर्ण केले नाहीत, मी मध्ये बोलू लागले तेव्हा हात किंचित वर करून मला थांबवलेत. मग मामा बोलू लागले. रात्रभर उभी राहिली की पहिल्या पावलांना पाय अडकतो, एक पाऊल मागे सरकवली की सुटतो, मोकळ्यावर तासभर चालली की जवळजवळ दिसेनासा होतो आणि कामाला खाडा पडला की दुसऱ्या दिवशी हमखास वाढतो, हे सारे त्यांनी स्वतःचा हात मागे ताणून दाखवत सांगितले. आपण ते वहीत लिहून घेतलेत. मामांचे बोलणे कोणी लिहून घेत आहे हे मी प्रथमच पाहत होते, आणि बहुधा तेही.

पुढची तपासणी आपण किती बारकाईने केलीत याचे वर्णन करत बसत नाही. पण घोडी चालत असताना शेपूट बाजूला ओढून तिचा तोल पाहिलात, लहान वर्तुळात वळवलीत, मान उंच धरून उतारावरून चालवलीत. मानेतल्या मज्जारज्जूवर दाब आलेली वाढत्या वयाची घोडी अशा वेळी अडखळते, हे मला तेव्हा कळले. पाय पोटाकडे उचलला जातो की मागे ताणून राहतो, हा फरकही आपणच दाखवलात. सांध्याचा एक्स-रे स्वच्छ आल्यावर आपण जे समजावलेत ते आजही लक्षात आहे. पोटाला लागून असलेला तो सांधा म्हणजे घोड्याचा खरा गुडघा; त्याची वाटी आतल्या बाजूच्या अस्थिबंधासह मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर कडीसारखी अडकते, म्हणूनच घोडा स्नायू फारसे न शिणवता उभ्या उभ्या डुलकी घेऊ शकतो. आमच्या घोडीची कडी लागत होती, पण वेळेवर निघत नव्हती, कारण मागचे पाय जरा सरळ ठेवणीचे आणि मांडीचा स्नायू अजून भरलेला नव्हता. म्हणजे ज्या विश्रांतीवर आम्ही भिस्त ठेवली होती, तीच तिला नडत होती.

आपण अस्थिबंध कापण्याची घाई केली नाहीत. त्यानंतर वाटीच्या खालच्या टोकाचे तुकडे पडण्याचा धोका असतो, तेव्हा तो उपाय शेवटचा, असे आपण स्पष्ट सांगितलेत. त्याऐवजी दिवसभर मोकळे सोडणे, रोज न चुकता सरळ रेषेतली चाल, चढ, जमिनीवर ठेवलेले दांडे ओलांडणे, थोडे मागे चालवणे, छोटी वर्तुळे पूर्ण बंद, आणि खुराचे टोक गोलसर ठेवणे, एवढेच. हे सारे आपण मला नव्हे, मामांना समजावून सांगितलेत, आणि निघताना मला म्हणालात, "काम यांच्या हातून व्हायचे आहे, यांना वेळ द्या."

विद्वत्ता आधी आलेल्यांकडेही असेल, मी ती नाकारत नाही. पण ज्याचा हात जनावरावर रोज खरारा फिरवतो त्याला मान देऊन विचारावे, हा साधा भलेपणा त्यांच्यापाशी नव्हता. मुक्या जनावराची हकिगत कोणाच्या तरी तोंडूनच यायची, आणि ते तोंड आधीच बंद करून टाकले तर डॉक्टर कितीही मोठा असला तरी अंदाजाने औषध देणार. आपल्यासारखी माणसे प्रत्येक व्यवसायात थोडी थोडी आहेत, म्हणून बरेच काही निभावते.

आता घोडी चढावर दमदार चालते, मांडी डोळ्यांना दिसेल इतकी भरली आहे आणि दुडक्या चालीत दोन्ही मागचे पाय सारखे पडतात. फार वेळ उभी राहिली तर अजून एखादे वेळी पाय अडकतो. मामा तिला झटका न देता एक पाऊल मागे घेतात, तो सुटतो, आणि ते वहीत तशी नोंद करतात. ही वही त्यांची स्वतःची आहे. कोणी सांगितली नव्हती.

त्यांचा एक निरोप आहे. दांडे ती आता न अडखळता ओलांडते, तेव्हा ते जमिनीपासून थोडे उचलावेत का, आणि उचलायचे तर सगळे एकदम की एकाआड एक, असे त्यांनी विचारले आहे. सवडीने कळवावे, आणि उत्तर त्यांच्याच नावे पाठवावे.

आपली कृतज्ञ,
घोडीची मालकीण