यंदाची मंडई मोबाइलवर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. आई, दर फोनला एकच काळजी करू नकोस. भात रोज होतो, स्वेटर आहेत, आणि मी वाळलेलो नाही, फोटोत तसा दिसतो.

आपल्या गावच्या मंडईच्या जत्रेत रात्री नाटक झालं, ते माझ्या दोस्ताने, मास्तरने, मला मोबाइलवर दाखवलं. तिकडे रात्री दहाला पडदा उघडला, तेव्हा इथे नेदरलँड्समध्ये संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. वडशाची नाटक कंपनी, ऑर्गनचा सूर निघाला आणि माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. मास्तर थंडीत धानाच्या तणसावर बसून हात वर धरून होता. हात भरून आला की मोबाइल खाली यायचा आणि मला समोरच्या माणसाचं मफलर दिसायचं. "झोप गा आता," म्हटलं, तर म्हणाला, "तुला सोडून कधी पाह्यलं का मी नाटक?" यावर मला बोलता आलं नाही.

इथली एक गोष्ट सांगतो. गेल्या महिन्यात शेजाऱ्याच्या दारात सकाळीच माणसाएवढं बुजगावणं उभं! कोट, टोपी, पांढरी दाढी. हा म्हणे बायबलातला म्हातारा अब्राहम. नेदरलँड्समध्ये माणूस पन्नासचा झाला की 'त्याने अब्राहम पाहिला' म्हणतात. बायबलात येशूला लोक विचारतात, तू अजून पन्नासचाही नाहीस आणि अब्राहमला पाहिलंस? तिथून हे आलं. बाईची पन्नाशी असली तर अब्राहमची बायको सारा उभी करतात. संध्याकाळी गेलो तर खुर्च्या गोल मांडलेल्या. आलेला प्रत्येक पाहुणा सगळ्यांशी हात मिळवून अभिनंदन करतो, बायकोचं नवऱ्याबद्दल, लेकाचं बापाबद्दल. माझंही झालं, शेजाऱ्याबद्दल! आधी काही कळेना, मग फार आवडलं. एकाचा वाढदिवस, पण तो साऱ्यांचा धरतात.

तेव्हा इथे मला कुणी नाही असं नाही, आई. माणसं चांगली आहेत. फक्त कॉफीला बसायचं तरी तीन आठवडे आधी डायरीत दिवस धरतात. रात्री-बेरात्री दार वाजवावं असं घर मात्र अजून झालं नाही.

बाबा, "सारं मास्तरच करतो" असं तुम्ही म्हणालात. मोतीबिंदूच्या वेळी भंडाऱ्याला त्यानेच नेलं, हे मी विसरलेलो नाही. मला सुटी खरंच मिळत नव्हती. मार्चमध्ये त्याला पन्नास पूर्ण होतात. त्या दिवशी त्याच्या अंगणात तणसाचं बुजगावणं उभं करा, माझं जुनं मफलर गुंडाळा आणि घरातल्या सगळ्यांचं माझ्याकडून अभिनंदन करा. वहिनींचं आधी.

खात्यात चाळीस हजार टाकले आहेत. धान चुरण्याची, मळणीची मजुरी त्यातून द्या. विकलेल्या धानाचे पैसे, चुकारा, यायला उशीर झाला तरी उसने काढू नका, मला फोन करा.

ताईच्या पोरीसाठी मंडईला पाहुणे येऊन गेले, हे मला मास्तरकडून कळलं. तुम्ही का नाही सांगितलं? मी रागावलो नाही. पोरीला नीट विचारा, ती मनापासून हो म्हणाली तरच पुढे जा. मंडपाचा आणि जेवणाचा खर्च माझ्याकडे, ताईला सांगून ठेवा. इथे एप्रिलच्या शेवटी पोरांच्या शाळेला सुटी लागते, जमलं तर तेव्हाचाच मुहूर्त काढा. या वेळी येतो, नक्की येतो. तारीख लवकर कळवा, विमानाचं तिकीट रोज वाढतं.

तुमचा
धाकटा