कोंडाईबारीच्या त्या दांपत्याचे आभार

आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, तर तेथील डुमसचा काळ्या वाळूचा किनारा सायकलनेच गाठावा, या हौसेने आम्ही चौघे अमळनेरहून धुळेमार्गे निघालो होतो. कोंडाईबारी घाटाच्या उतारावर माझ्या मागच्या टायरची कड फाटली आणि जादा टायर कोणाकडेच नव्हता (तो घ्यायचे काम माझेच होते). दिवेलागण होत आली होती. तेवढ्यात रस्त्याकडेच्या पंक्चर दुकानातील गृहस्थांनी मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापला, त्याच्या कडा घासून पातळ केल्या आणि तो फाटलेल्या जागी आतून इतका नीट बसवला, की बोटालाही उंचवटा लागेना. तोवर त्यांच्या पत्नीने आम्हाला ज्वारीची गरम भाकरी आणि ठेचा वाढला. काळोखात घाट उतरू नका, असे बजावून त्यांनी ओसरीवरच आमची झोपायची सोय केली.

पैसे त्यांनी घेतले नाहीत; समुद्र न पाहिलेल्या आपल्या मुलीसाठी मूठभर वाळू मात्र मागितली. त्याच टायरवर आम्ही डुमस गाठले. परतीचा प्रवास रेल्वेने झाल्यामुळे वाळूची बाटली अजून माझ्याकडेच आहे. त्या दांपत्याचे मनःपूर्वक आभार. पुढच्या रविवारी ती पोहोचवायला येत आहे.