बस स्टॉपवरच्या धुराचं काय?

मा. संपादक,

उघड्यावर सिगरेट ओढायला बंदी हवी की नको यावर वाद निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अहो मोकळ्या हवेत धूर उडून जातो, तुम्हाला काय त्रास?" ते अगदीच खोटं नाही. 2007 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी बागेत, कॅफेच्या बाहेरच्या टेबलांवर वगैरे धूर मोजला तेव्हा सिगरेट विझली की हवा लगेच साफ होते आणि 2 मीटरच्या पुढे धूर फार कमी होतो असंच दिसलं. पण त्याच मोजणीत हेही निघालं की दीड-दोन फुटांवर, वाऱ्याच्या बाजूला बसलेल्या माणसाला काही वेळा बंद खोलीइतका धूर लागतो. हे मात्र कोणी सांगत नाही.

आता बसच्या रांगेत 2 मीटर कुठून आणायचे? मागे सरकलं तर नंबर जातो. आणि ओढणारा झुरका मारून हात खाली सोडतो ना, तेव्हा ते जळतं टोक बरोब्बर शेजारच्या लहान मुलाच्या तोंडासमोर येतं, एकदा नीट बघा. त्या टोकाचा धूर तर फिल्टरमधूनही गेलेला नसतो आणि दुसऱ्यांच्या नाकात जातो तो बराचसा हाच. दम्याच्या पेशंटला त्रास सुरू व्हायला तेवढं पुरतं.

मैदानात लांब एकटा उभा राहून कोणी ओढत असेल तर खुशाल ओढू दे, व्यसन आहे ते, निकोटिन सहज सुटत नाही, त्या माणसाला गुन्हेगार ठरवणं मला पटत नाही. पण जिथून दुसऱ्याला हलताच येत नाही तिथे, म्हणजे रांगा, स्टॉप, हॉस्पिटलचं दार, मुलांच्या खेळायच्या जागा, तिथे सक्त बंदी पाहिजेच पाहिजे. मिलान शहरात 1 जानेवारी 2025 पासून उघड्यावरही इतरांपासून 10 मीटर लांब जाऊनच ओढता येते, फ्रान्सनेही 2025 मध्येच बस स्टॉप, बागा आणि शाळांच्या बाहेर बंदी आणली, म्हणजे हे अशक्य नाही.

फक्त नुसता बोर्ड लावून भागणार नाही, ओढणाऱ्यांना लांबची जागाही ठरवून द्या. बऱ्याच ठिकाणी थोटकं टाकायचा डबा दाराला लागूनच ठेवलेला असतो त्यामुळे सगळे तिथेच जमतात आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्या धुरातूनच जावं लागतं. आधी तो डबा हलवा.

- एक वाचक