सुमे, दादाची गोळी बदलायची म्हणतायत

प्रिय सुमे,

आम्ही सगळे बरे, आईची शुगर आहे तशीच. हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही म्हणून तुला लिहितेय. दादाची जीभ तोंडात सारखी वळवळते गं, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलतात आणि त्याला स्वतःला पत्ताही नसतो. डॉक्टर म्हणाले टार्डिव्ह डिस्किनेशिया, इतकी वर्षं हॅलोपेरिडॉल ही जुनी गोळी घेतल्यामुळे, आता ओलान्झापिन या नव्या गोळीवर जाऊया.

माझ्या पोटात गोळाच आला. ती जुनी गोळी कशीही असू दे, त्याला कानात ऐकू यायचे त्या आवाजांतून तिनेच बाहेर काढलं, तू होतीस तेव्हा. हात थरथरतात म्हणून पॅसिटेन, पॅसिटेनने तोंड कोरडं, हे सगळं अंगवळणी पडलंय. नव्या गोळीने अंग कमी आखडतं, जीभ अशी हलायचा धोकाही कमी, मान्य, पण वजन आणि शुगर? आमच्या घरात शुगर कुणाला नाही सांग! २००५ साली अमेरिकेतला केटी नावाचा, स्किझोफ्रेनियावरच्या जुन्या-नव्या गोळ्यांची तुलना करणारा मोठा अभ्यास आला, जवळपास १५०० पेशंट, त्यात परफेनाझिन ही जुनी गोळी बहुतेक नव्यांच्या बरोबरीने टिकली, १८ महिन्यांत ७४ टक्के लोकांची दिलेली गोळी सुटली, ओलान्झापिन त्यातल्या त्यात जास्त चालली पण वजनही तिनेच सगळ्यात जास्त वाढवलं. हेच घेऊन मी डॉक्टरांशी भांडणार होते, तर पुढे वाचलं की ज्यांना आधीच असं हलणं होतं त्यांना त्यात जुनी गोळी दिलीच नव्हती. म्हणजे दादाचं उत्तर तिथे नाहीच गं.

आता ॲरिपिप्राझोल या दुसऱ्या नव्या गोळीचं विचारणारे, वजन तितकं वाढत नाही, पण काहींना त्याने एका जागी बसवत नाही. काहीही द्या पण हळूहळू बदला, आणि आधी वजन, कंबर, उपाशीपोटीची शुगर, कोलेस्टेरॉल सगळं लिहून ठेवा, हे ठणकावून सांगणारे. नुसतं नवीन आहे म्हणून मी हो म्हणणार नाही.

दादाचं एकच, हात स्थिर झाला की सुमीला कॅरममध्ये हरवायचं. तू राणीला कव्हर दिलं नव्हतंस हे तो अजून धरून बसलाय, आणि नव्हतंच दिलंस, मी बघितलंय!

तुझ्या बदलीचं काय झालं? सासूबाईंचा गुडघा? पिल्लूला पापा.

गुरुवारी दाखवायला जायचंय, त्याआधी त्याला फोन कर. थरथर परवडेल की वाढलेलं वजन, हे त्यानेच ठरवायला हवं, आणि मला तो नुसतं "तू बघ" म्हणतो. तुला खरं सांगेल.

तुझी,
मीनू