पायरेट्सचा सर्वश्रेष्ठ खेळाडू वॅग्नरच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा बेसबॉलपटू रॉबेर्तो क्लेमेंटे याच्या स्मृतिदिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. अमेरिकन बेसबॉलवर मराठीत इतक्या आत्मीयतेने लिहिलेले क्वचितच वाचायला मिळते. लेख संपता संपता मात्र लेखकाने 'पिट्सबर्ग पायरेट्सचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू' हा मान क्लेमेंटेला देऊन टाकला आणि त्यामागचे मुख्य कारण सांगितले ते त्याच्या मृत्यूचे. बरीच वर्षे या पिट्सबर्ग गावात राहते आहे आणि हिशेब तपासण्याच्या नोकरीत उमेदीची वर्षे घालवली आहेत, त्यामुळे हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

मृत्यूची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वातले मानाग्वा शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. आधी पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोहोचत नाही असे कानावर आल्यावर क्लेमेंटे ३१ डिसेंबरला स्वतःच विमानात बसला. क्षमतेपेक्षा जास्त भरलेले ते विमान पोर्तो रिकोतल्या सान हुआनजवळ समुद्रात कोसळले आणि ३८ वर्षांच्या क्लेमेंटेचा देहही सापडला नाही. त्या माणसापुढे मी हात जोडते. पण ही थोरवी माणसाची आहे आणि प्रश्न खेळाडूचा आहे. दोन्ही एकत्र केले की क्लेमेंटेवरच अन्याय होतो. आपल्या खेळाची कदर होत नाही ही त्याची जिवंतपणीची तक्रार होती आणि ती रास्त होती. वर्तमानपत्रे त्याचे मोडके इंग्रजी जसेच्या तसे छापून त्याला हास्यास्पद करत. खेळाडूंच्या कार्डांवर त्याचे नाव परस्पर 'बॉब' करून टाकले होते. अशा माणसाला आज आपण केवळ हुतात्मा म्हणून मुजरा करायचा?

म्हणून आधी त्याच्या खेळाबद्दल. ३००० हिट्स (बेस गाठून देणारे यशस्वी फटके), ४ वेळा लीगमधली सर्वोच्च बॅटिंग सरासरी (बॅटिंगच्या संधींपैकी किती वेळा हिट, याचे प्रमाण), राइट फील्डर, म्हणजे उजव्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक, म्हणून १२ गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार. १९६० आणि १९७१ या दोन्ही वर्ल्ड सिरीज (मोसमाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिका) संघाने जिंकल्या आणि त्यांतल्या सर्व १४ सामन्यांत त्याने हिट मारली. १९७१ च्या मालिकेत तर त्याची सरासरी ०.४१४ होती. १९६० च्या सातव्या सामन्यातला त्याचा सहकारी बिल मॅझरॉस्कीचा विजयी होमरन (थेट मैदानाबाहेर गेलेला फटका) साऱ्या गावाच्या ओठावर आहे. पण त्याआधी आठव्या डावात क्लेमेंटेने फर्स्ट बेसच्या (धावणाऱ्याच्या पहिल्या थांब्याच्या) दिशेने एक साधा, घरंगळणारा फटका मारला आणि जिवाच्या आकांताने धावत बेस गाठला, तो कोणी फारसा सांगत नाही. तिथे तो बाद झाला असता तर डाव संपला असता. पुढच्याच बॅटरने, हॅल स्मिथने, तीन धावांचा होमरन मारला. मला क्लेमेंटे सर्वांत जास्त दिसतो तो त्या धावण्यात.

एवढे सगळे मान्य करूनही माझे मत होनस वॅग्नरला आहे.

वॅग्नर आज ओळखला जातो तो तंबाखूच्या पाकिटातल्या एका चित्रकार्डामुळे. त्याने हरकत घेतल्याने त्या कार्डाची छपाई थांबली, म्हणून ते दुर्मिळ झाले, आणि २०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. कार्डाची किंमत पाठ असलेल्यांना त्याची कारकीर्द माहीत नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. पिट्सबर्गजवळच्या कोळसा खाणींच्या भागात, जर्मन स्थलांतरिताच्या घरी जन्मलेला हा मुलगा लहानपणीच खाणीत कामाला लागला. १९०० ते १९१७ तो पायरेट्सकडून खेळला आणि त्या काळात ८ वेळा सरासरीत लीगमध्ये पहिला आला, शेवटच्या वेळी वयाच्या ३७ व्या वर्षी.

१९०८ हे एकच वर्ष घ्या. चेंडू मऊ, मळका, पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) सगळी मोकळीक. संपूर्ण नॅशनल लीगची, म्हणजे पायरेट्सच्या लीगची, सरासरी ०.२३९ होती आणि वॅग्नरची ०.३५४. हिट्स, डबल आणि ट्रिपल (दोन आणि तीन बेस मिळवून देणारे फटके), चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले), सगळ्यांत तोच पहिला. १९६७ मध्ये क्लेमेंटेने ०.३५७ ची सरासरी राखली, तीही पिचरच्याच काळात, हे मी विसरत नाही. नुसत्या सरासरीवर ती दोन वर्षे तुल्यबळ ठरतील. पण वॅग्नरने त्या एका मोसमात ५३ बेस चोरले. क्लेमेंटेचे साऱ्या कारकिर्दीतले ८३ आहेत. शिवाय वॅग्नर शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, होता. मैदानात सर्वांत अवघड, सर्वांत जास्त चेंडू येणारी ती जागा. तिथे उभे राहून फलंदाजीत लीगवर राज्य करणे ही गोष्ट वेगळ्याच मोलाची आहे. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मानदालनासाठी पहिले पाच निवडले, तेव्हा वॅग्नर आणि विख्यात फलंदाज बेब रूथ यांना समसमान, २१५ मते पडली होती.

त्याच्या विरोधातलेही सांगते. १९०३ च्या पहिल्यावहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये तो साफ अपयशी ठरला. सरासरी ०.२२२ आणि क्षेत्ररक्षणातल्या सहा चुका. १९०९ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध त्याने भरपाई केली: ०.३३३, सहा बेस चोरले, समोरचा नामांकित फलंदाज टाय कॉब फिका पडला, पायरेट्स जिंकले. तरी मोठ्या सामन्यांतला खेळाडू म्हणून क्लेमेंटेच सरस, यात वाद नाही.

आमच्या शेजारी एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. पायरेट्सच्या जुन्या मैदानावर, फोर्ब्स फील्डवर, त्यांनी क्लेमेंटेला पाहिले आहे. राइट फील्डच्या कोपऱ्यातून थेट तिसऱ्या बेसवर आलेल्या त्याच्या फेकीचे वर्णन करताना ते खुर्चीतून उठतात. "तुम्ही पाहिलं असतंत तर वॅग्नरचं नाव काढलं नसतंत," असे ते मला म्हणतात. पण वॅग्नरला पाहिलेले आता कोणीच उरले नाही, हा त्याचा दोष कसा? ब्रॅडमनला पाहिलेले तरी आज किती आहेत? तो आपल्या काळातल्या इतरांच्या किती पुढे होता, यावरूनच आपण त्याला मोजतो ना? मग वॅग्नरलाही तोच न्याय लावा.

एक आक्षेप मात्र मी झटकून टाकू शकत नाही. वॅग्नरच्या काळात कृष्णवर्णीयांना या लीगची दारे बंद होती. जॉन हेन्री लॉइड हा शॉर्टस्टॉप इतका थोर होता की त्याला 'ब्लॅक वॅग्नर' म्हणत, पण दोघे एका लीगमध्ये कधी खेळले नाहीत. क्लेमेंटे मात्र विली मेज, हँक आरन यांच्यासारख्या कृष्णवर्णीय दिग्गजांच्या स्पर्धेत खेळला. यासाठी मी वॅग्नरचे गुण कापते, बरेच कापते. तरी तो पुढेच राहतो, कारण इतरांपासूनचे त्याचे अंतर एखाद्या मोसमाचे नाही, दहा-बारा वर्षे टिकलेले आहे.

लेखातल्या एका वाक्यात 'पायरेट्स' आणि 'पिट्सबर्ग' यांची सरमिसळ झाली आहे, तेवढी कृपया दुरुस्त करावी. पायरेट्सचा सर्वश्रेष्ठ कोण, याचे उत्तर मी दिले. पिट्सबर्गचा सर्वश्रेष्ठ कोण, असा प्रश्न असेल तर जॉश गिब्सनचे नाव आधी घ्यावे लागेल. तो याच गावात क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज या कृष्णवर्णीयांच्या संघांकडून खेळला. पायरेट्स बाहेरगावी गेले की त्यांच्याच फोर्ब्स फील्डवर ग्रेजचे सामने होत, पण पायरेट्सचा गणवेश त्याला कोणी दिला नाही. २०२४ मध्ये नीग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचे, आकडे मुख्य नोंदींत घेतले गेले, तेव्हा कारकिर्दीच्या सरासरीत ०.३७२ सह गिब्सन सर्वांच्या वर आला, वॅग्नरच्या आणि क्लेमेंटेच्याही.

आपली नियमित वाचक,
पिट्सबर्ग, पेन्सिल्वेनिया